फौजेतून आल्यावर वॉचमनच का?

नंदुरबार जिल्ह्यातल्या माजी सैनिकाला सर्वांत लवकर मिळणारी नोकरी कुणाच्या तरी दारावर उभं राहण्याची असते. बँकेचं दार, एटीएमचं दार, नवापूरच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचं फाटक, सुरतेतलं कापड मार्केट, नाहीतर पुण्यातली एखादी सोसायटी. एकानं पंधरा-सतरा वर्षं लष्करी ट्रकांची इंजिनं उघडून पुन्हा जोडलेली असतात. दुसऱ्यानं बर्फातल्या चौकीवर डॉक्टर पोचेपर्यंत जखमी जवानाला जगवलेलं असतं. तिसऱ्यानं पुराच्या पाण्यात बोट घालून माणसं काढलेली असतात. घरी आल्यावर तिघांच्याही हातात तीच काठी, तीच शिट्टी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची तीच नोंदवही येते.

पहाऱ्याचं काम हलकं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्या कामावर घर चालतं त्याला कमी लेखण्याचा अधिकार कुणालाच नाही. माझी तक्रार वेगळी आहे. देशानं खर्च करून या माणसांच्या हातात जे कसब घातलं, ते ज्या जिल्ह्याला सर्वांत जास्त हवं आहे, तिथेच ते वाया जातं. आणि उपाय म्हणून आपण दरवेळी एकच सुचवतो, त्यांना प्रशिक्षण द्या. जणू ती माणसं रिकाम्या हातानं परत आली आहेत. यांतल्या बहुतेकांना काम येतं. आपल्याला ते येतं असं सांगणारा, बाहेरच्या जगात चालणारा कागद त्यांच्याकडे नसतो, आणि जे थोडं नवं शिकायचं ते शिकायला घराजवळ जागा नसते. प्रशिक्षणाच्या योजना आखताना या दोन गोष्टी सुटल्या, की शेवटी उरतो तो फक्त पहारा.

माणसाला पहाऱ्यावरच उभं करण्याची ही सवय या मुलखात दोनशे वर्षं जुनी आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा सातपुड्यातले भिल्ल त्यांना दाद देईनात. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्यानं धरणगावला तळ ठेवून खानदेश भिल्ल कोअर उभी केली. ज्यांच्याशी लढायचं, त्यांनाच पगारी शिपाई करायचं असा तो डाव होता. त्यांना कवायत शिकवली, बंदूक दिली आणि मुलखाची राखण दिली. पुढे १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेले खाज्या नाईकही त्याआधी त्यांच्याच चाकरीत सेंधवा घाटाच्या राखणीवर होते. डोंगरातल्या माणसाकडे काटकपणा आहे, धाडस आहे, वाटा ठाऊक आहेत, तेव्हा त्याला पहाऱ्यावर उभं करा, हा विचार तेव्हापासून चालत आला. त्याच्याकडे कारागिरी असू शकते, यंत्राची जाण असू शकते, शुश्रूषेचं ज्ञान असू शकतं, हे राज्यकर्त्यांच्या मनात कधी आलंच नाही. राज्यकर्ते बदलले, पण ही नजर फारशी बदलली नाही.

आपल्याकडे कुणी वेगळा विचार केलाच नाही असंही नाही. पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावून आलेल्या जवानांना हातातलं काम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं. आज ते पुण्यात खडकीला आहे. त्याहून मोठं पाऊल दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी पडलं. त्या युद्धात सुमारे २५ लाख भारतीय फौजेत होते. ते सगळे एकदम घरी आले तर त्यांचं काय करायचं, या चिंतेतून जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय निघालं आणि देशात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उघडली. पुढे फाळणीतल्या निर्वासितांना आणि १९४८ मध्ये सर्वच बेरोजगारांना त्यांची दारं खुली झाली. याच खात्याच्या हाताखाली १९५० पासून कारागीर प्रशिक्षण योजना रुजली आणि आजच्या आयटीआय तिच्यातूनच वाढल्या. म्हणजे तालुक्याच्या ज्या आयटीआयमध्ये आज दहावी झालेलं पोर फिटर किंवा इलेक्ट्रिशियन व्हायला जातं, तिची मुळं शोधत गेलं तर ती घरी परतणाऱ्या सैनिकापर्यंत जातात. ज्याच्यासाठी हे खातं काढलं, तोच आज आयटीआयच्या फाटकावर गार्ड म्हणून उभा राहू शकतो. आत शिकवायला त्याला कुणी बोलावत नाही.

आजची सरकारी व्यवस्था कागदावर बरीच भरगच्च आहे. दरवर्षी साधारण साठ हजार सैनिक निवृत्त होतात, बहुतेक जवान पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीआधी त्यांना अभ्यासक्रमांना पाठवतं. अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या नामांकित संस्थांत सहा महिन्यांचे व्यवस्थापनाचे वर्ग असतात. जवानांसाठी संगणक, दुरुस्तीची कामं, शेतीपूरक धंदे आणि अर्थातच सुरक्षा. राज्यात पुण्याला सैनिक कल्याण विभाग आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, मेस्को म्हणून ओळखलं जाणारं माजी सैनिकांचं महामंडळ आहे. केंद्राच्या नोकऱ्यांत गट क मध्ये १० टक्के आणि गट ड मध्ये २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव आहेत, महाराष्ट्रात १५ टक्के समांतर आरक्षण आहे. १९८६ पासून केंद्राचा असाही आदेश आहे, की दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षं नोकरी केलेल्या सैनिकाला, तांत्रिक अनुभव लागत नाही अशा गट क च्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीनं धरता येतं.

मग अडतं कुठे?

ही व्यवस्था शहरात बसलेली आहे, आणि ज्या गावांत सैनिकी परंपरा आहे त्यांच्याच मापानं शिवलेली आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात किंवा कोल्हापूरच्या सैनिक टाकळीत घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या फौजी आहेत. तिथला हवालदार सुट्टीवर आला की पारावरच त्याला कळतं, कोणत्या कोर्सला नाव द्यायचं, डिस्चार्ज बुकात कोणती नोंद करून घ्यायची, कोणत्या जाहिरातीला अर्ज करायचा, कोणता गावकरी कोणत्या खात्यात साहेब आहे. ती माहिती कुठल्याही कार्यालयानं दिलेली नसते. ती गावानं साठवलेली असते. नंदुरबारात असं गाव नाही. २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास लोकवस्ती, त्यातले ६९ टक्के अनुसूचित जमातीचे, सातपुड्याच्या कुशीत पसरलेले पाडे. एका पाड्यातून एखादाच फौजेत गेलेला असतो. तो परत येतो तेव्हा त्या वाटेनं आधी गेलेलं कुणी त्याला भेटत नाही. जे साताऱ्याचा माणूस ओट्यावर बसून ऐकतो, त्यासाठी अक्राणी तालुक्यातल्या माणसाला कार्यालय गाठावं लागतं. तालुक्याचं ठिकाण असलेल्या धडगावहून नंदुरबारला यायलाच अर्धा दिवस मोडतो आणि पुण्याला जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास. जमिनीचं दुखणं, आईचं आजारपण, मुलांची शाळा सोडून तो सहा महिने पुण्यात वर्ग करेल असं धरून योजना आखली, तर ती त्याच्यासाठी नाहीच.

जवळ आहे ते सुरत. रेल्वेनं सरळ जाता येतं, गावातले बरेच जण आधीच तिथे आहेत, ऊसतोडीच्या टोळ्या दरसाल त्याच दिशेनं गुजरातेत उतरतात. तिथल्या ठेकेदाराला फौजी हवाच असतो, कारण फौजी म्हटलं की चोवीस तास जागा राहणारा आणि उलट न बोलणारा माणूस, अशी त्याची समजूत असते. त्याच्याकडे अर्ज नाही, परीक्षा नाही, फोन केला की दुसऱ्या दिवशी कामावर. सरकारची योजना आणि ठेकेदाराचा फोन यांच्यात हे अंतर आहे. ते कापल्याशिवाय अभ्यासक्रमांची संख्या कितीही वाढवली तरी फरक पडणार नाही.

अमेरिकेचं उदाहरण या संदर्भात नेहमी दिलं जातं, पण त्याची अर्धीच बाजू सांगितली जाते. जून १९४४ मध्ये तिथे जीआय बिल मंजूर झालं. परतलेल्या सैनिकानं आपली शाळा स्वतः निवडायची आणि फी सरकारनं भरायची, अशी त्याची रचना होती. पुढच्या बारा वर्षांत ७८ लाख सैनिकांनी त्याचा लाभ घेतला. कॉलेजात गेले २२ लाख. उरलेले ५६ लाख धंदेशिक्षणाला, कारखान्यात उमेदवारीला, शेतीच्या प्रशिक्षणाला गेले. कॉलेजची गोष्ट सिनेमांतून, पुस्तकांतून जगभर गेली. वर्कशॉपात आणि शेतावर शिकलेल्यांची संख्या अडीच पट असूनही ती कुणी सांगत नाही. दुसरी न सांगितलेली बाजू जास्त टोचणारी आहे. कायदा सर्वांना सारखा होता, पण अंमल स्थानिक अधिकारी, स्थानिक बँका आणि स्थानिक शाळा यांच्या हाती होता. दक्षिणेतल्या काळ्या सैनिकांना शाळांत जागा नसत, बँका कर्ज देत नसत. १९४७ च्या सुमारास मिसिसिपीत या कायद्याखाली हमी मिळालेल्या ३,२०० हून जास्त कर्जांपैकी काळ्या सैनिकांच्या वाट्याला आली फक्त दोन. हक्क दिल्लीत किंवा वॉशिंग्टनमध्ये लिहिला जातो आणि तो मिळतो की नाही हे तालुक्यात ठरतं. नंदुरबारसाठी त्या कायद्यातून घेण्यासारखं मला एवढंच वाटतं: पैसा सैनिकाच्या मागे चालत यायला हवा, आणि तो ज्या दारी खर्च होणार ते दार त्याच्या पाड्यापासून पोचण्याजोगं हवं.

आता या जिल्ह्याला काय हवं आहे ते पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा खरा आधार तिथे आहे. सरदार सरोवराच्या पाण्यानं अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या ३३ गावांना वेढलं किंवा गिळलं. नर्मदाकाठच्या पाड्यांना दवाखाना मिळतो तो बोटीतून, तरंगता दवाखाना म्हणून. अशा ठिकाणी बाळंतीण अडली तर बोट चालवणारा, दोर टाकता येणारा, झोळी करून चढावरून माणूस उतरवणारा आणि वाटेत प्राथमिक उपचार करणारा माणूस लागतो. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलात तयार झालेला जवान बोट आणि पूल यांतच वाढलेला असतो. आर्मी मेडिकल कोअरमधला नर्सिंग असिस्टंट टाके घालतो, सलाईन लावतो, रक्तस्राव थांबवतो, आणि हे सारं त्यानं दवाखान्याच्या भिंतींबाहेर केलेलं असतं. कुपोषण आणि मातामृत्यू यांच्या बातम्यांत ज्या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं येतं, त्यानं अशा माणसाला शोधत फिरायला हवं. पण राज्याच्या परिचर्या परिषदेची नोंदणी नसेल तर परिचारकाच्या पदावर त्याला घेता येत नाही. ही नोंदणी सैल करा असं मी म्हणणार नाही. रुग्णाच्या जिवाशी निगडित नियम कडकच हवेत. पण ज्यानं पंधरा वर्षं हेच काम केलं त्याला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर पहिल्या पाठापासून बसवण्यात काय शहाणपण आहे? त्याला काय येतं ते तपासा, जे येत नाही तेवढंच शिकवा आणि मग परीक्षा घ्या. नंदुरबारला २०२० पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशी तपासणी आणि असा पूरक अभ्यासक्रम तिथे होण्यात बांधकामाची अडचण नाही, ठरवण्याची आहे.

तीच गोष्ट चालकाची. लडाखच्या खिंडीतून जड वाहन नेलेला माणूस तोरणमाळच्या किंवा धडगावच्या घाटात कसं चालवायचं हे शिकवू शकतो. या घाटांत मजुरांनी भरलेल्या गाड्या उलटतात, आणि प्रत्येक अपघातानंतर चौकशी होते, मदत जाहीर होते. जिल्ह्यात घाटात गाडी चालवायला शिकवणारी एक नीट शाळा असावी आणि तिचे शिक्षक आर्मी सर्व्हिस कोअरमधून आलेले असावेत, ही मागणी मी आजवर कुणाच्या जाहीरनाम्यात वाचलेली नाही. सौर पंप शेताशेतात बसताहेत, त्यांची दुरुस्ती करायला माणूस लांबून येतो. ईएमई या लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागातल्या इलेक्ट्रिशियनला ते काम आठवडाभरात समजेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. सैनिकाला पेन्शन आहे, कँटीन आहे, राखीव जागा आहेत. ज्याला यातलं काहीच नाही अशा गावातल्या बेकार पोराचं आधी पाहायला नको का? आदिवासी जिल्ह्यात हा प्रश्न जास्तच बोचतो, कारण तिथे एका सरकारी नोकरीवर डोळा ठेवून शंभर घरं बसलेली असतात. मला वाटतं, या दोघांना समोरासमोर उभं करणं चुकीचं आहे. पस्तिशीतला हवालदार हा उद्याचा निदेशक आहे. आयटीआयमध्ये शिकवायला एक वर्षाचा शिल्प निदेशक प्रशिक्षण अभ्यासक्रम लागतो. तो डिझेल मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेल्या नायकाला करू द्या, त्याच्या भत्त्याची सोय करा, आणि त्याला तळोद्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या आयटीआयमध्ये उभं करा. तो दरवर्षी वीस पोरांना शिकवील. शिवाय तो पावरीत, भिलोरीत, मावचीत शिकवील. हिंदी-मराठीत बोलणाऱ्या निदेशकासमोर गप्प बसणारं पोर आपल्या बोलीत विचारलं की हात वर करतं, हे शाळांतून पुरेसं सिद्ध झालेलं आहे. बेकार पोराचं आधी पाहायचं असेल तर त्याला शिकवणारा माणूस आधी तयार करावा लागेल.

दुसरा आक्षेप सैनिकच घेतात. त्यांना सरकारी नोकरी हवी असते. वर्कशॉप, दुकान, धंदा नको असतो. खरं आहे. पंधरा-सतरा वर्षं ठरलेल्या तारखेला पगार घेतलेल्या माणसाला पस्तिशीत धंद्याची जोखीम घ्या म्हणणं सोपं नाही आणि ज्यांनी स्वतः कधी ती घेतली नाही त्यांनी तर म्हणूच नये. पण सरकारी नोकरीच हवी तरी पहिली अडचण कागदाचीच येते. पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रांच्या पंचायत कायद्याखालच्या भागातल्या तलाठी, वनरक्षक, ग्रामसेवक अशा पदांवर स्थानिक आदिवासींना प्राधान्य देणारी राज्यपालांची अधिसूचना २०१४ ची आहे. माजी सैनिकांचं आरक्षण आहेच. आदिवासी माजी सैनिक या दोन्हींच्या छेदावर उभा आहे. पण एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र नाही, लष्कराच्या शिक्षण प्रमाणपत्राची समकक्षता दाखवणारा दाखला नाही, जात पडताळणी फौजेत असताना राहून गेली, अशा कारणांनी त्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो. मग माजी सैनिकाची जागा भरायला उमेदवारच मिळाला नाही अशी नोंद होते आणि जागा दुसऱ्याला जाते. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात वाटली गेली. ओळखीचा कागद इथे सर्वांआधी पोचवता आला. कौशल्याचा कागदही पोचवता येईल. त्यासाठी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३ पासून आहे, आधीच्या कामाच्या अनुभवाला परीक्षा घेऊन मान्यता देण्याची पद्धतही आहे. हवालदाराची परीक्षा शहाद्यात घ्यायची की पुण्यात बोलवायची, एवढंच ठरवायचं आहे.

हे सगळं आता जास्त निकडीचं झालं आहे, कारण घरी येणाऱ्यांचं वय बदलतं आहे. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जण कायम, बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन घरी. २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला भरती झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. या मुलांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे ज्या कार्यालयांची नावं मी वर घेतली, त्यांची दारं यांना आपोआप उघडत नाहीत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत, पण तीही पुन्हा वर्दीची आणि बंदुकीचीच वाट आहे. बाविशी-तेविशीत हातात अकरा लाख रुपये, घरात आतापर्यंत कुणी एवढी रक्कम एकत्र पाहिलेली नाही, आणि गावाच्या वेशीवर मोटारसायकल, जीप, प्लॉट विकणारे उभे. या वयाच्या मुलाच्या बाबतीत पहिले सहा महिने फार महत्त्वाचे असतात. त्यात त्याला दिशा मिळाली नाही तर पैसा संपतो आणि सुरतेचा फोन येतो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये काश्मीरमधल्या बांदीपोऱ्यात वायुसेनेच्या गरुड पथकातले मिलिंद खैरनार यांना वीरमरण आलं, तेव्हा त्यांच्या या जिल्ह्यानं त्यांना ज्या आदरानं निरोप दिला तो आदर खरा होता. तोच आदर जिवंत परतणाऱ्याच्या वाट्याला कामाच्या रूपानं यावा अशी अपेक्षा ठेवली, तर ती अवास्तव म्हणता येणार नाही. जिल्हाधिकारी हेच जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात. त्यांच्याच जिल्ह्यात तळोदा आणि नंदुरबार इथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं आहेत, आयटीआय आहेत, वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्हा वार्षिक योजनेचा निधी आहे. येत्या दोन वर्षांत जिल्ह्यात कोण कोण परत येणार, प्रत्येकाचा ट्रेड काय, पाडा कोणता, बोली कोणती, ही यादी सैनिक कल्याण कार्यालयानं रेजिमेंटांच्या रेकॉर्ड ऑफिसांकडून मागवावी. अग्निवीरांची नावं तिच्यात धरावीत, त्यांना दर्जा असो वा नसो. आणि डिस्चार्जच्या किमान सहा महिने आधी ती यादी आयटीआयच्या प्राचार्यांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांच्या टेबलावर असावी, म्हणजे जवान शेवटच्या सुट्टीवर घरी येईल तेव्हा त्याची परीक्षा कुठे, कोणत्या तारखेला आणि पुढचा वर्ग कोणत्या तालुक्यात, हे त्याला तेव्हाच सांगता येईल.